लोकरीच्या हत्तीची कुळकथा

बारशाला हल्ली टोपडं-मोज्यांच्या जोडीला एक विणलेला हत्ती येतो. मुठीत मावेल एवढा, पोट टम्म, सोंड जराशी वाकडी, डोळे काळ्या मण्यांसारखे चकचकीत. कधी हत्तीऐवजी ससा असतो, कधी ऑक्टोपस, कधी नुसतीच हसरी स्ट्रॉबेरी. कॉलेजातल्या मुली त्याला ‘अमिगुरुमी’ म्हणतात, आज्या ‘क्रोशाचं बाहुलं’ म्हणतात. नाव जपानी, म्हणून ही कला जपानात शेकडो वर्षं चालत आलेली असणार असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. या हत्तीचा एकेक अवयव वेगळ्या मुलखातून आलाय, आणि त्यातले काही तर आपल्या आजीपेक्षाही वयानं लहान आहेत.

सुईपासून सुरुवात करू. ‘क्रोशे’ म्हणजे फ्रेंचमध्ये छोटा आकडा. आपण त्याचा क्रोशा केला. दोन सुयांवरचं विणकाम फार जुनं आहे, पण क्रोशाचा माग एकोणिसाव्या शतकाच्या फारसा मागे जात नाही. सर्वांत जुने छापील नमुने म्हणून जे ओळखले जातात ते १८२३ सालचे, ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकातले. त्याआधी काय होतं याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. मला पटतं ते असं: अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात एक भरतकाम गेलं. चौकटीवर कापड ढोलाच्या कातड्यासारखं ताणायचं आणि आकडा असलेली बारीक सुई वरून खुपसून खालचा दोरा साखळीसाखळीनं वर ओढायचा. आपल्याकडे हेच आरीकाम. कच्छच्या मोच्यांचं त्यात मोठं नाव, आणि आज लग्नाच्या ब्लाउजवर हौसेनं करून घेतात ते ‘आरी वर्क’ही तेच. या साखळीच्या खालचं कापड कुणीतरी काढून टाकलं आणि साखळी नुसती हवेत विणली, की क्रोशा झाला.

हौसेचं हे काम पोटापाण्याचं झालं ते आयर्लंडमध्ये. १८४५ साली तिथल्या बटाट्यावर रोग पडला आणि पुढची काही वर्षं माणसं अक्षरशः उपाशी मेली. कॉर्क भागातल्या नन्सनी मुलींना क्रोशाची लेस शिकवली. तिकडे क्लोन्स गावात तिथल्या पाद्र्याच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी १८४७ मध्ये तोच उद्योग सुरू केला. सुईच्या लेसपेक्षा क्रोशा कितीतरी भरभर होतो, भांडवल म्हणजे एक आकडा आणि सुताचा गुंडा, आणि काम चुलीपाशी बसून करता येतं. एखादं घर फक्त गुलाब विणायचं, दुसरं फक्त पानं, आणि तिसरीकडे कुणीतरी ते जाळीत गुंफायचं.

आपल्या देशातही जवळपास त्याच सुमाराला हे बीज पडलं. नाशकाजवळ उगम पावलेली गोदावरी आंध्रात जिथे समुद्राला मिळते, त्या नरसापूरच्या पट्ट्यात क्रोशाची लेस विणली जाते. तिची सुरुवात १८४४ च्या सुमारास आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांपर्यंत नेतात. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तिथली खरी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस या बायकांचा अभ्यास केला. रोज सहा-सहा, आठ-आठ तास विणणाऱ्या, परदेशी जाणारा माल तयार करणाऱ्या या बायका हिशेबात मात्र ‘गृहिणी’च धरल्या जात होत्या. फावल्या वेळात काहीतरी करतात, एवढीच त्यांच्या कामाची नोंद, आणि मजुरीही त्याच मापाची. प्रदर्शनात हत्ती मांडून बसलं की ‘छान टाइमपास आहे हो तुमचा’ असं ऐकू येतं, तेव्हा मला नरसापूर आठवतं.

मराठी घरांत क्रोशा होता तो दारावरच्या तोरणात, टीव्हीवरच्या रुमालात, ताटावरच्या जाळीत आणि रुखवतात. रुखवतात क्रोशाचं काही नाही म्हणजे मुलीच्या हाताला वळण नाही, असं सरळ बोललं जायचं. पण आमच्या घरात तरी क्रोशाचं खेळणं कुणी विणल्याचं आठवत नाही. खेळायला लाकडी ठकी, नाहीतर आजीनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या भरून शिवलेली बाहुली. सुताचा गुंडा महाग, तो असा पोरांच्या हाती लाळ गाळायला कोण देणार?

मग मऊ, भरलेला प्राणी आला कुठून? त्याचा जन्म जर्मनीतल्या गिंगेन गावचा, आणि तोही हत्तीचाच. मार्गारेटे श्टाइफ ही १८४७ ची मुलगी. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, पाय गेले, उजवा हातही अधू राहिला. तरी ती शिवणकाम शिकली आणि पुढे नमद्याच्या म्हणजे फेल्टच्या कपड्यांचं दुकान काढलं. १८७९ च्या अखेरीस एका फॅशन मासिकात तिला हत्तीचा नमुना दिसला. तो बघून तिनं फेल्टचे छोटे हत्ती शिवले, आत लोकर भरली. कशासाठी, तर टाचण्या टोचून ठेवायला. बायकांना भेट देण्याजोगी टाचणीगादी, एवढाच विचार. पण ते हत्ती घरोघरच्या मुलांनी पळवले आणि गादी राहिली बाजूला. श्टाइफची खेळण्यांची कंपनी आपली सुरुवात १८८० पासूनच मोजते.

पुढे १९०२ मध्ये तिच्या पुतण्यानं, रिचर्डनं, हातपाय हलणारं अस्वल तयार केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मिसिसिपीत शिकारीला गेले असताना बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रात त्यावर क्लिफर्ड बेरीमन यांचं व्यंगचित्र आलं आणि अस्वलाला ‘टेडी’ हे नाव चिकटलं. टेडीच्या पोटात तेव्हा लाकडाचा बारीक कीस असायचा, नंतर कापोक आला. कापोक म्हणजे आपल्या उश्यांत भरायच्या सावरीच्या कापसाचाच भाऊबंद. डोळे बुटाच्या बटणांचे. पुढे तारेवर बसवलेले काचेचे डोळे आले, आणि ते उपटून तोंडात घालण्यात मुलं पटाईत. यावर तोडगा काढला वेल्समधल्या वेंडी बॉस्टन या बाईंनी. १९४८ मध्ये त्यांनी आतून घट्ट अडकणारे डोळे आणले. आज आपण दुकानात ‘सेफ्टी आइज’ मागतो, पाठीमागे वॉशर दाबून बसवायचे ते, त्यांचं मूळ हे. (तीन वर्षांखालच्या बाळासाठी मी तेही लावत नाही. काळ्या दोऱ्यानं डोळे भरते. लोकरीचा टाका सैल पडला तर वॉशरसकट डोळा बाहेर येतो.)

उरलेल्या लोकरीचे प्राणी विणणं युरोपात टेडीच्या मागोमाग रुळलं, विशेषतः युद्धकाळात, जेव्हा दुकानात खेळणी नव्हती आणि जुने स्वेटर उसवून लोकर मिळत होती. पण ते बरेचसे दोन सुयांवर, सपाट तुकडे विणून शिवलेले. आजचा गोलमटोल, मोठ्या डोक्याचा हत्ती व्हायला मधे जपान यावा लागला.

जपानला विणकाम बाहेरूनच मिळालं. पोर्तुगीज आणि डच व्यापाऱ्यांबरोबर विणलेले पायमोजे आले. विणलेल्या कापडाला तिकडे ‘मेरियासु’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज-स्पॅनिशमधल्या मोज्यांच्या शब्दावरून आला. घरोघरच्या बायकांच्या हाती सुया आल्या त्या १८६८ नंतरच्या मेइजी काळात. ‘अमिगुरुमी’ हा जोडशब्दही सरळ आहे: ‘अमि’ म्हणजे विणलेलं, आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे शिवून भरलेलं बाहुलं. दोन्ही एकत्र करून मधला ‘नुइ’, म्हणजे शिवणं, गाळला. शिवण खरोखरच गाळली गेली, कारण अमिगुरुमीत सपाट तुकडे जोडत नाहीत, डोकं आणि धड थेट गोलच विणून काढतात. १९७० च्या दशकात तिथे ‘कावाई’ची, म्हणजे गोंडसपणाची लाट आली. हॅलो किटी १९७४ ची. मोठं डोकं, आखूड हातपाय, डोळे खाली आणि एकमेकांपासून लांब, असा तो साचा. तान्ह्या बाळाच्या चेहऱ्याचं प्रमाणही हेच असतं, म्हणून बघताक्षणी उचलून घ्यावंसं वाटतं. अमिगुरुमीनं हा साचा उचलला.

ही कला देशाबाहेर पडली त्यात गोंडसपणाइतकाच वाटा नकाशांचा आहे, असं मला वाटतं. पाश्चात्त्य नमुने शब्दांत लिहिलेले असतात, जपानी नमुने चिन्हांत. प्रत्येक टाक्याचं चिन्ह ठरलेलं, त्यासाठी देशाचं अधिकृत प्रमाणकसुद्धा आहे. गोलात गोल काढलेले, त्यावर फुल्या म्हणजे टाके. एका ठिकाणाहून दोन फुल्या फुटल्या की तिथे टाका वाढवायचा. जपानी अक्षर ओळखू येत नसलेली बाई त्यावरून ससा विणू शकते.

शब्दांनी केवढा घोळ होतो ते मी भोगलंय. माझा पहिला हत्ती ब्रिटिश नमुन्यावरचा, आणि सुईकाम शिकले ते अमेरिकन व्हिडिओंवरून. ‘डबल क्रोशे’ म्हणजे ब्रिटनमध्ये बुटका टाका, आपण ज्याला मुका खांब म्हणतो तो. अमेरिकेत त्याच नावाचा टाका म्हणजे आपला उंच खांब. मी खांब घालत गेले. हत्ती लांबुडका झालाच, शिवाय प्रत्येक खांबाच्या मधून आतला पांढरा फायबर डोकावायला लागला. बाळाच्या आत्यानं विचारलं, ‘याला ताप-बीप आलाय का, पुरळ उठलंय ते?’

अमिगुरुमीचं सगळं तंत्र याच एका गोष्टीसाठी आहे: भोकं पडू नयेत. म्हणून लोकरीला साजेल त्यापेक्षा बारीक सुई घ्यायची, आणि फक्त मुका खांब. मॅजिक रिंग, म्हणजे ओढून आवळता येईल असा दोऱ्याचा फास, करून त्यात सहा टाके. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. फेरी बंद करायची नाही, जिन्यासारखं गोल गोल चढत जायचं आणि फेरी कुठे सुरू झाली हे कळायला वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवायचा. दर फेरीला सहाच का वाढवायचे? मुका खांब साधारण जितका रुंद तितकाच उंच असतो. वर्तुळाची त्रिज्या एकानं वाढली की परीघ २π (दोन पाय), म्हणजे सव्वासहाच्या आसपास वाढतो. सहा वाढवले की चकती सपाट बसते. वाढ थांबवली की कडा वळून वाटी होते, घटवत गेलं की चेंडू. शाळेत गणितात जेमतेम पास झालेल्या बायका हे बोटांनी करतात. सहापेक्षा खूप जास्त वाढवले तर झालर होते. अशाच झालरीच्या रूपात १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डाइना टायमिना यांनी ‘हायपरबोलिक’ भूमितीचं, म्हणजे कडेकडे झालरीसारखं पसरत जाणारं, प्रतल क्रोशावर विणून दाखवलं.

इंटरनेटनंतरचा भाग बहुतेकांना माहीत आहे, तो थोडक्यात. २००५ मध्ये हातकामाच्या विक्रीसाठी एट्सी आलं, त्याच वर्षी यूट्यूब. २००७ मध्ये विणणाऱ्यांचं रॅव्हेलरी. सुईचा आकडा दोऱ्याला कसा पकडतो हे थांबवून, मागे नेऊन पुन्हा बघायला मिळाल्यावर शिकवायला मावशी शेजारी असायची गरज उरली नाही. २०२० च्या टाळेबंदीत राहिलेली कसर भरून निघाली. लुधियानाची लोकर घरपोच यायला लागली आणि अमेरिकेत तर ‘वूबल्स’सारख्या कंपन्या एका प्राण्याचं सगळं सामान डबीत घालून विकू लागल्या.

मधल्या काळात डेन्मार्कमध्ये एक वेगळाच प्रकार झाला. २०१३ मध्ये तिथे स्वयंसेवकांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी सुती ऑक्टोपस विणायला घेतले. त्याचे पाय बाळाला नाळेसारखे वाटतात, मग ते नळ्या-तारा न ओढता पाय धरून झोपतं, अशी त्यामागची कल्पना. शास्त्रीय पुरावा भक्कम नाही, पण ऑक्टोपस देशोदेशी गेले. नियम मात्र कडक: शंभर टक्के सूत, आणि पाय ताणल्यावर २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नको.

आता किमतीबद्दल, कारण प्रश्न शेवटी तिथेच येतो. ‘एवढ्याशा हत्तीचे साडेचारशे? मशीनवर तर काढता ना?’ दोन सुयांच्या विणकामाचं यंत्र विल्यम ली यांनी इंग्लंडमध्ये १५८९ मध्येच बनवलं. तिथे सगळे फास एका ओळीत उभे असतात, ओळीनं सुया लावल्या की काम होतं. क्रोशात फास एकच जिवंत असतो, आणि सुई आधी विणलेल्या भागात कुठूनही, कुठल्याही दिशेनं शिरते. ते करणारं, बाजारात चालेल असं यंत्र अजून आलेलं नाही. दुकानात ‘क्रोशा टॉप’ म्हणून जे यंत्रावरचं कापड मिळतं ती नक्कल असते.

गेल्या महिन्यात बाजारात पन्नास रुपयांना स्ट्रॉबेरीची किल्लीसाखळी मिळाली. दुकानदार म्हणाला, ‘मशीनचा माल आहे ताई, म्हणून स्वस्त.’ घरी आणून टाके मोजले. टोकाला सहा, मग नऊ, बारा, पंधरा, अठराच्या तीन फेऱ्या, मग बारा, मग सहा. हिशेबानं एकशे चौदा मुके खांब, वरची पानं वेगळी. पाचव्या फेरीत एक टाका सुटलाय आणि पुढच्या फेरीत तो गुपचूप वाढवून घेतलाय. दोऱ्याचं शेवटचं टोक आत दडवलेलं नाही, गाठ मारून कापलंय. घाईत असणार.