ग्रोथ हार्मोनची चाचणी

वयाच्या मानाने फारच ठेंगण्या राहिलेल्या मुलाच्या मेंदूच्या तळाशी असणारी पोष ग्रंथी (पिट्युटरी) वाढीचे संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, पुरेसे सोडते का, हे पाहण्याची तपासणी. नाव ‘चाचणी’ असले तरी तिची सुरुवात सुईने होत नाही, उंचीच्या नोंदींनी होते. बहुतेक मुलांची तर तिथेच संपते.

कोकणात अशी नोंद पुष्कळ घरांत आधीपासून असते. गणपतीला सगळे जमले की पोरांना दाराच्या चौकटीला उभे करून डोक्यावर पेन्सिलीची रेघ मारायची आणि मुंबईच्या काकांनी म्हणायचे, ‘गेल्या वर्षी होता तेवढाच आहे की!’ आजीचे उत्तर ठरलेले : ‘वयात इलो की वाढतलो.’ या रेघा डॉक्टरांच्या खरोखर कामाच्या असतात, म्हणून रंगकाम करताना पुसू नयेत. फक्त एक मेख आहे. चतुर्थी तिथीने येते. २०२२ची ३१ ऑगस्टला होती आणि मध्ये अधिक श्रावण आल्याने २०२३ची १९ सप्टेंबरला. हे ‘वर्ष’ ३८४ दिवसांचे झाले. पुढचे ३५४ दिवसांचे. वाढीचा वेग काढायचा तर रेघेशेजारी इंग्रजी तारीख लिहिलेली बरी. चप्पल काढून, टाचा भिंतीला लावून, नजर समोर ठेवून, आणि शक्यतो दरवेळी एकाच प्रहरी मोजावे. सकाळची उंची संध्याकाळपर्यंत सेंटीमीटरभर उतरू शकते.

पहिल्या वर्षात बाळ सुमारे २५ सेंमी वाढते, दुसऱ्यात १२च्या आसपास आणि चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत दरवर्षी ५ ते ६. हा वेग सातत्याने ४-५ सेंमीच्या खाली राहिला, किंवा उंची तक्त्यातल्या तिसऱ्या शतमकाच्या (म्हणजे त्या वयाच्या शंभर मुलांतल्या सर्वांत ठेंगण्या तिघांच्या रेघेच्या) खाली असली, तर पुढचा विचार करतात. पाच वर्षांवरील मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५चे तक्ते वापरतात. आईबापांची उंचीही पाहावी लागते : दोघांची सरासरी काढून मुलासाठी ६.५ सेंमी मिळवायचे, मुलीसाठी वजा करायचे. वडील १६२ आणि आई १५० सेंमी असेल तर मुलाचा अंदाज १६२.५ येतो. अशा घरातला मुलगा वर्गात पहिल्या बाकावर बसतो म्हणून त्याला आजारी ठरवण्याचे कारण नाही.

मग डाव्या हाताचा, मनगटासकट, एक्स-रे. त्यावरून हाडांचे वय कळते. बारा वर्षांच्या मुलाची हाडे दहाची दिसली आणि वडीलही उशिरा वाढलेले असले, तर बहुधा आजीच बरोबर ठरते. पण हार्मोन कमी असले, थायरॉइड मंद असले, तरी हाडांचे वय मागेच पडते. म्हणून एक्स-रे एकटा पुरत नाही. रक्तक्षय, मूत्रपिंडाचे विकार, गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिअॅक आणि मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम (एक्स गुणसूत्रातला जन्मजात दोष) हेही आधी तपासावे लागते. थायरॉइड कमी असताना केलेली हार्मोनची चाचणी खोटी कमतरता दाखवू शकते.

हे हार्मोन थेंबाथेंबाने नाही, लाटांनी सुटते. मोठी लाट गाढ झोपेत येते. दिवसा कधीही रक्त काढले तर निरोगी मुलातही आकडा जवळजवळ शून्य येऊ शकतो. नवजात बाळाची साखर उतरलेली असताना घेतलेला नमुना सोडला, तर असा सुटा रिपोर्ट म्हणजे पैसे पाण्यात. ग्रोथ हार्मोनच्या हुकमाने मुख्यतः यकृतात तयार होणारे आणि दिवसभर फारसे न हलणारे आयजीएफ-१ हे संप्रेरक मोजतात, पण कुपोषित मुलात तेही कमी येते. म्हणून ग्रंथीला औषधाने डिवचून ती किती उसळते ते पाहतात.

यासाठी बालसंप्रेरकतज्ज्ञ लागतो, आणि सिंधुदुर्गातल्या कुटुंबाला त्यासाठी अनेकदा गोवा, कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. मूल रात्रीपासून उपाशी हवे असते. तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर जागून पहाटे दादरला उतरायचे आणि तसेच चाचणीला न्यायचे, हा मुलाचा छळच. आदल्या दिवशी मुक्कामाला जावे. सकाळी हाताला सलाइनची सुई लावून पहिला नमुना घेतात, मग क्लोनिडीनची गोळी देतात. हे मूळचे रक्तदाबाचे औषध. दर अर्ध्या तासाने, दोन तासांपर्यंत, त्याच सुईतून रक्त काढतात. मूल पेंगते, फिकट पडते, बीपी उतरते. घाबरायचे नाही, पण एकट्याने बाथरूमलाही सोडायचे नाही. संपल्यावर मीठ घातलेली पेज द्यावी. क्लोनिडीनऐवजी ग्लुकागॉन (रक्तातली साखर वाढवणारे संप्रेरक) टोचूनही चाचणी करतात. तिच्यात मळमळते, आणि साखर उशिरा उतरू शकते. म्हणून पोटभर खाल्ल्याशिवाय आणि साखर पाहिल्याशिवाय निघू नये.

एकाही नमुन्यात आकडा मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमपर्यंत (काही ठिकाणी ७) पोचला नाही तर चाचणी ‘नापास’. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. १९८५पर्यंत हे हार्मोन मृतांच्या पोष ग्रंथींतून काढत. साठा तुटपुंजा, आणि त्यातून काहींना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा रोग झाला. प्रयोगशाळेत बनवलेले औषध मुबलक झाले तशी मर्यादाही वर सरकत गेली. शिवाय धडधाकट मुलेही एखाद्या चाचणीत नापास होतात, विशेषतः लठ्ठ किंवा वयात येऊ घातलेली. म्हणून साधारणपणे दोन वेगवेगळ्या औषधांच्या चाचण्या करतात, आणि उशिरा वयात येणाऱ्यांना आधी लैंगिक संप्रेरकाचा छोटा डोस देण्याची पद्धत आहे. चौकटीवरच्या रेघा दरवर्षी सहा सेंमी वर जात असतील, तर नापास रिपोर्टपेक्षा रेघांवर विश्वास ठेवावा.

दोन्हींत कमतरता दिसली तर मेंदूचा एमआरआय, आणि मग रोज रात्री कातडीखाली इंजेक्शन, कित्येक वर्षे. पेन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. पावसाळ्यात वादळाने वीज गेली की लोक ते मासळीच्या बर्फात खुपसतात. तसे करू नये. टॉवेलात गुंडाळून थंड डब्यात ठेवावे. गोठलेले औषध पुन्हा पातळ झाले तरी टाकूनच द्यावे लागते.