स्वाइन फ्लूने दगावलेली मुलं: नोंदलेला आकडा म्हणजे सगळा आकडा नव्हे

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेत १८ वर्षांखालची जेमतेम साडेतीनशे मुलं दगावली, म्हणजे मुलांना त्याचा फारसा धोका नव्हता, असं अजूनही सांगितलं जातं. हे चूक आहे.

तो आकडा फक्त प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झालेल्या मृत्यूंचा. फ्लूने झालेला प्रत्येक बालमृत्यू कळवण्याची पद्धत तिथे २००४ पासून आहे. मोठ्यांच्या बाबतीत तशी नाही. पण नोंद व्हायला तपासणी तर व्हायला हवी! एखादं मूल रुग्णालयात पोचण्याआधीच गेलं, नमुना उशिरा घेतला, किंवा फ्लूमागून जिवाणूंचा न्यूमोनिया झाला आणि दाखल्यावर तेवढंच लिहिलं गेलं, की ते मूल मोजणीतून निसटतं. त्यात तेव्हाच्या झटपट चाचण्या हा विषाणू वारंवार चुकवत.

म्हणून तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, नंतर वेगळा अंदाज काढला: पहिल्या वर्षभरात सुमारे १,२८० मुलं. म्हणजे नोंदींच्या तिपटीहून जास्त.

दर आठवड्याला जाहीर होणारा फ्लूच्या बालमृत्यूंचा आकडाही जपून वाचावा. त्यात कित्येक आठवड्यांपूर्वी गेलेलं मूल असू शकतं. फक्त त्याची नोंद आत्ता पोचलेली असते.