‘कृषी अधिकारी’ म्हणजे नेमका कुणाचा?

मुंबई इलाख्यात शेतीखातं उभं राहिलं ते १८८० च्या दशकात, दुष्काळ आयोगाच्या शिफारशीनंतर. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं आणि इथला कारभार वेगळा. राधानगरीचं धरणही संस्थानानंच बांधायला घेतलं. १ मार्च १९४९ ला विलीनीकरण झालं आणि जिल्हा राज्याच्या खात्याखाली आला. तालुक्याला दोन-दोन कृषी अधिकारी असण्याचा आजचा घोळ त्या काळातला नाही, तो पुढचा आहे.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि बी-बियाणं, खतं, प्रात्यक्षिकं हे काम त्यांच्याकडे गेलं. पंचायत समितीत ‘कृषी अधिकारी’ बसू लागला. पण मृदसंधारण राज्याकडेच राहिलं. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याच्या उतारांवर मजगी (पायऱ्यांची शेतं) आणि नालाबांध घालणारी माणसं वेगळी, गावात युरियाचं सांगणारी वेगळी. त्यात ऐंशीच्या दशकात ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजना आली आणि राज्याचा माणूस ठरल्या वारी थेट बांधावर येऊ लागला. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबागा सुरू झाल्या, त्यांची यंत्रणा आणखी निराळी.

१ जुलै १९९८ चा निर्णय या सगळ्यावरचा तोडगा होता. विस्तार (म्हणजे शेतकऱ्याला सल्ला देणं), मृदसंधारण आणि फलोत्पादन एकत्र करून ‘एक खिडकी’ पद्धत आणली. खाली कृषी सहायक, वर पर्यवेक्षक, मंडळ कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, अशी एकच उतरंड. कागदावर निर्णय स्वच्छ होता. चेक डॅमची आखणी करत आयुष्य काढलेल्या माणसाला एका रात्रीत कीड-रोगाचा सल्ला द्यायला लावलं, हा खात्यातल्या जुन्या मंडळींचा आक्षेप मात्र मला आजही पटतो. खरी मेख दुसरीच आहे. राज्यानं स्वतःच्या खिडक्या एक केल्या, जिल्हा परिषदेची खिडकी तशीच उघडी ठेवली. म्हणून तालुक्याला आजही दोन साहेब: पंचायत समितीचा ‘कृषी अधिकारी’ आणि राज्याचा ‘तालुका कृषी अधिकारी’. खतदुकानाची तपासणी दोघंही करू शकतात. बायोगॅसचा अर्ज एकाकडे, ठिबकची फाईल दुसऱ्याकडे.

कोल्हापुरात तिसराही आहे. साखर कारखान्याचा शेती विभाग, त्याचा गटप्रमुख आणि ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय. ऊसवाल्याला वर्षभर भेटतो तो हाच. लागणीची नोंद आणि तोडीची पाळी त्याच्याच हातात. सरकारी माणसाची आठवण मग प्रामुख्यानं पुरात होते.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ते ठळकपणे दिसलं. शिरोळ, करवीरमधला ऊस पाण्याखाली गेला, तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामे करू लागले. मदतीसाठी नुकसान ३३ टक्क्यांच्या वर की खाली, हा आकडा लिहिताना शेतकरी समोर उभा असे आणि शिव्या खाणारा बहुतेकदा कृषी सहायक. पैसे महसूल खात्याकडून यायचे, पण बांधावर चेहरा ओळखीचा त्याचाच.

२०२० पासून बहुतेक योजनांचे अर्ज सरकारच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवर गेले, २०२५ पर्यंत निवड लॉटरीनं होत होती. अर्ज ऑनलाइन झाल्यापासून ते भरून देणाऱ्या सेवा केंद्रवाल्याचा भाव वाढलाय.

२०२५ मध्ये कृषी सहायकाचं पदनाम बदलून ‘सहायक कृषी अधिकारी’ झालं, पर्यवेक्षकाचं ‘उप कृषी अधिकारी’. मागणी जुनी आणि रास्तच होती. पण गावात ‘कृषी अधिकारी आलेत’ असा निरोप आला की आता पहिला प्रश्न पूर्वीपेक्षा लांबलचक विचारावा लागतो.