चार्ट फुल्ल भरलाय, पण खरा आहे का?

वृद्धांच्या केअर होममधला चार्ट, म्हणजे रोजच्या काळजीच्या नोंदींचा तक्ता, बघितला की बरं वाटतं, सगळे रकाने भरलेले, टिक केलेले, खाली सह्या. पण भरलेला चार्ट खरा असतोच असं नाही, आणि तपासणीला येणारे बऱ्याचदा रकाना रिकामा नाही ना एवढंच बघतात.

अमेरिकेत काही संशोधकांनी नर्सिंग होममधल्या पेशंटच्या मांडीला हालचाल टिपणारे सेन्सर लावून बघितले. कारण जे स्वतः हलू शकत नाहीत त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते, नाहीतर हाडाच्या उंचवट्यावरच्या कातडीचा रक्तपुरवठा दाबला जातो आणि बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होतात. चार्टमध्ये जवळजवळ सगळ्यांची कूस वेळेवर बदललेली, सेन्सर मात्र सांगत होते की बरेच जण त्यापेक्षा जास्त वेळ तसेच पडून होते.

लगेच स्टाफला खोटारडं ठरवू नका. एका माणसाकडे इतके पेशंट असतात की आधी काम आणि लिहिणं शिफ्ट संपताना, आणि तेव्हा आठवतं ते रोज जे होतं तेच, आज नेमकं काय झालं ते नाही.

आता श्वासाचं बघा. निरोगी मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २०, पण मोजायला पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत उभं राहावं लागतं, कोणाला वेळ आहे? मग १५ सेकंद मोजून चारने गुणायचं, म्हणजे उत्तर १२, १६, २० असं चारच्या पटीतच, मधलं १७, १८, १९ येऊच शकत नाही. किंवा सरळ नजरेच्या अंदाजाने आकडा टाकून मोकळं व्हायचं. एका दिवसापुरतं ठीक आहे हो, पण न्यूमोनियात श्वास वाढणं ही लवकर दिसणारी खूण असते आणि सगळ्यांचा रोजच १८ लिहिला असेल तर ती वाढ दिसणार कुठून?

म्हातारपणी हे जास्त नडतं, कारण आजार नेहमीसारखा दिसत नाही. इन्फेक्शन असूनही ताप फारसा चढत नाही, नुसता गोंधळ वाढतो, जेवण कमी होतं, माणूस गप्प बसतो. ज्यांचं अंग एरवीच थंड असतं त्यांचं टेंपरेचर त्यांच्या नेहमीपेक्षा १.१ डिग्री सेल्सियसने वाढलं तरी तो ताप समजावा असं डॉक्टरांच्या गाइडलाइनमध्ये आहे. पण ‘नेहमीचं’ म्हणजे किती? ते फक्त जुन्या नोंदींमधूनच कळणार, आणि त्या अंदाजपंचे असतील तर संपलंच.

वजनाचंही तेच. महिन्यात ५ टक्के वजन घटलं तर ती काळजीची गोष्ट, म्हणजे ५० किलोच्या आजींचे अडीच किलो. एकदा स्वेटर-बुटांसकट आणि एकदा त्याशिवाय वजन घेतलं तर तेवढ्यातच किलोभर इकडेतिकडे होतं. त्यात ‘जेवण ७५ टक्के’, म्हणजे ताटातलं किती खाल्लं, हा तर डोळ्यांनी लावलेला अंदाज, आणि तो बहुतेकदा जास्तीचाच असतो.

कॉम्प्युटर आल्यावर अक्षर लागायला लागलं हे खरं, पण कालचं कॉपी करून आज पेस्ट करणंही सोपं झालं, त्यामुळे मला तरी ही सुधारणा अर्धीच वाटते. एक मात्र चांगलं, बहुतेक सिस्टीममध्ये एंट्री नेमकी कधी टाकली ती वेळ आपोआप साठते. रात्री दहा, बारा, दोन, चार अशा सगळ्या नोंदी पहाटे सहाला तीन मिनिटांत पडलेल्या असतील तर ते लपत नाही, फक्त कोणीतरी उघडून बघायला पाहिजे.