ज्यूद्वेषाचा अभ्यास विद्यापीठात कसा आला

बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ज्यूद्वेष या विषयात एम.ए. करता येतं. ज्यू धर्म किंवा ज्यू इतिहास नव्हे, तर ज्यूंबद्दलचा द्वेष हाच तिथे अभ्यासाचा विषय. अभियांत्रिकीसाठी नावाजलेल्या संस्थेत असा अभ्यासक्रम कसा आला, हे समजून घ्यायचं तर त्याच शहरात १८७९ सालापर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी विल्हेल्म मार या पत्रकाराने बर्लिनमध्ये ‘अँटिसेमाइट लीग’ काढली आणि ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द राजकारणात रुळला. ‘सेमिटिक’ हे मुळात हिब्रू, अरबी, अरामी अशा भाषांच्या कुळाचं नाव. त्या भाषाकुळाचा मार आणि त्याच्या मंडळींनी वंश करून टाकला. ख्रिस्ती लोकांचा जुना ज्यूद्वेष धर्माच्या नावाने चाले आणि त्यात निदान तत्त्वतः तरी बाप्तिस्म्याची पळवाट होती. रक्ताचीच गोष्ट निघाल्यावर ती वाट बंद झाली. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य उभं राहिलं तेव्हा ज्यूंना कायद्याने समान हक्क मिळाले होते. ते हक्क नाकारायचे तर नव्या काळाला पटेल असा, शास्त्रीय वाटणारा शब्द हवा होता. अरबांशी किंवा अरबी भाषेशी या मंडळींचं काही वैर नव्हतं, रोख फक्त ज्यूंवर होता. म्हणून मला मराठीतला ‘ज्यूद्वेष’ हा शब्द मूळ शब्दापेक्षा जास्त खरा वाटतो. कोणाचा द्वेष, हे तो सरळ सांगतो.

मारपेक्षा मोठं नुकसान एका प्राध्यापकाने केलं, असं माझं मत आहे. हाइनरिक फोन ट्राइच्के बर्लिन विद्यापीठात इतिहास शिकवत. नोव्हेंबर १८७९ मध्ये त्यांनी स्वतः संपादित केलेल्या प्रतिष्ठित मासिकात एक लेख लिहिला. त्यातलं ‘ज्यू हे आपलं दुर्दैव आहेत’ हे वाक्य पुढे नाझी साप्ताहिक ‘देर श्ट्युर्मर’च्या पहिल्या पानावर छापलं जायचं. त्याच विद्यापीठातले रोमन इतिहासकार थिओडोर मोमसेन यांनी १८८० मध्ये त्यांना जाहीर उत्तर दिलं. पण रस्त्यावरची गोष्ट आता व्यासपीठावर पोचली होती. ज्यूंचे हक्क आखडावेत अशा अर्जावर तेव्हा सुमारे अडीच लाख सह्या झाल्या, आणि सह्या करणाऱ्यांत विद्यार्थी हजारोंनी होते.

अभ्यासाचे पहिले प्रयत्नही याच काळातले. फ्रान्समध्ये बर्नार लाझार यांनी १८९४ मध्ये ज्यूद्वेषाचा इतिहास आणि त्याची कारणं यांवर ग्रंथ लिहिला. ते स्वतः ज्यू होते, तरी कारणांचा काही भाग त्यांनी ज्यूंच्या वेगळं राहण्यात शोधला. त्याच वर्षी फ्रेंच सैन्यातला ज्यू अधिकारी कॅप्टन द्रेफ्यूस याला खोट्या आरोपावरून अटक झाली आणि पुढे त्याच्या बाजूने उभे राहणाऱ्या पहिल्या लेखकांत लाझार होते. ज्यूंमध्ये असं काय आहे, हा प्रश्न तोवर जवळजवळ सगळेच विचारत होते. द्वेष करणाऱ्यात काय आहे, हा प्रश्न मांडला जायला आणखी अर्धं शतक गेलं. माझ्या मते या शाखेचा खरा जन्म त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

मधल्या काळात पहिल्या प्रश्नाने काय केलं ते फ्रांकफुर्टमध्ये दिसतं. या शहरातली समाजसंशोधन संस्था १९३३ मध्ये नाझींनी बंद केली आणि तिचे बहुतेक ज्यू अभ्यासक परागंदा झाले. १९४१ मध्ये त्याच शहरात नाझी विचारवंत आल्फ्रेड रोझेनबेर्गने ‘ज्यू प्रश्नाच्या संशोधनाची संस्था’ उघडली. नाव संशोधनाचं, ग्रंथालय लुटीचं. युरोपभरच्या ज्यू संग्रहांतली लाखो पुस्तकं तिथे आणली गेली. त्यात आजच्या लिथुआनियातल्या विल्ना शहरातल्या ‘यिवो’ या यिडिश भाषा आणि संस्कृतीच्या संस्थेचाही संग्रह होता. लोकांना मारायचं आणि त्यांची पुस्तकं तारीखवार नोंदवून ठेवायची, ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू होती. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने फ्रांकफुर्टजवळच्या ऑफेनबाख इथे ही पुस्तकं गोळा केली आणि यिवोचा वाटा १९४७ मध्ये न्यूयॉर्कला पोचला. तिथे यिवोच्या माक्स वाइनराइख यांनी त्याआधीच, १९४६ मध्ये, कोणत्या जर्मन प्राध्यापकांनी या गुन्ह्याला शास्त्राचं पाठबळ दिलं याचा नावानिशी हिशेब मांडला होता. या विषयाच्या विद्यार्थ्याने सगळ्यात आधी तो वाचावा असं मला वाटतं, कारण पदवी आणि विवेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा तो दस्तऐवज आहे.

दुसरा प्रश्न विचारला तो फ्रांकफुर्टहून हाकलल्या गेलेल्यांनी. अमेरिकन ज्यू कमिटीच्या मदतीने माक्स होर्कहाइमर यांनी पूर्वग्रहांवर एक मोठा प्रकल्प उभारला. त्यात थिओडोर आडोर्नो आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या मानसशास्त्रज्ञांनी दोन हजारांवर लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. १९५० मध्ये आलेल्या त्यांच्या जाडजूड ग्रंथातलं एक निरीक्षण मला फार बोलकं वाटतं. ‘ज्यू आपल्यातच राहतात, मिसळत नाहीत’ या विधानाला होकार देणारे लोक बहुतेक वेळा ‘ज्यू जिथे तिथे घुसतात’ यालाही होकार देत. दोन्ही एकाच वेळी खरं असणं कठीण. म्हणजे मत ज्यूंना पाहून बनलेलं नव्हतं, ते आधीच तयार होतं. पुढे त्या पाहणीच्या पद्धतीवर रास्त टीका झाली. बहुतेक विधानं एकाच दिशेने लिहिली होती, त्यामुळे कशालाही ‘हो’ म्हणणारा माणूस आपसूक पूर्वग्रही ठरे. तरीही प्रश्नाचं तोंड फिरलं ते फिरलंच.

फ्रान्समध्ये झ्यूल इझाक यांनी ख्रिस्ती शिकवणीकडे बोट दाखवलं. इतिहासाची त्यांची पाठ्यपुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच शाळांत चालत. ज्यू म्हणून १९४० मध्ये त्यांना पदावरून काढलं, १९४३ मध्ये त्यांच्या पत्नीला आणि मुलीला पकडून नेलं आणि दोघी परत आल्या नाहीत. लपूनछपून राहतानाही त्यांनी येशू आणि इस्राएल यांवरच्या ग्रंथाचं काम चालू ठेवलं आणि चर्च शतकानुशतकं जे शिकवत आलं त्याला ‘तिरस्काराची शिकवण’ म्हटलं. १९६० मध्ये ते पोप तेविसावे जॉन यांना भेटले. १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष सर्व ज्यूंवर ठेवणं नाकारलं, त्यामागे या म्हाताऱ्या इतिहासशिक्षकाचा हात होता.

यानंतरही हे काम एकेकट्या अभ्यासकांचंच राहिलं. विषय इतिहासात बसत नव्हता, मानसशास्त्रात मावत नव्हता आणि धर्मशास्त्राला नकोसा होता. १९८२ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ज्यूद्वेष संशोधन केंद्र स्थापन झालं. त्याच वर्षी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातही असं केंद्र आलं. बर्लिनचे पहिले संचालक हेर्बेर्ट श्ट्राउस यांनी युद्धकाळात याच शहरातल्या ज्यू उच्चशिक्षण संस्थेत, ती १९४२ मध्ये बंद होईपर्यंत, शिक्षण घेतलं होतं. १९४३ मध्ये ते स्वित्झर्लंडला निसटले, पुढे न्यूयॉर्कमध्ये इतिहास शिकवू लागले, आणि साठी ओलांडल्यावर हा विषय उभा करायला बर्लिनला परतले. पूर्ण एम.ए. मात्र २०१०च्या दशकात सुरू झालं.

अमेरिकेत वाट अधिक खडतर होती. येल विद्यापीठात २००६ मध्ये सुरू झालेला उपक्रम २०११ मध्ये बंद झाला. तो अध्यापन आणि संशोधनाच्या कसोटीला उतरला नाही, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. मुस्लिम देशांतल्या ज्यूद्वेषावर बोलल्याची ही किंमत आहे, असं टीकाकारांचं. त्याच वर्षी येलमध्ये नवा कार्यक्रम सुरू झाला, पण ताण तोच राहिला. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृती आघाडीने ज्यूद्वेषाची व्याख्या स्वीकारली. तिच्या अकरा उदाहरणांपैकी सात इस्राएलशी जोडलेली आहेत. इस्राएलवरची टीका कुठे संपते आणि ज्यूद्वेष कुठे सुरू होतो, यावर वाद झाला. त्याला उत्तर म्हणून २०२१ मध्ये सुमारे दोनशे अभ्यासकांनी स्वतःची व्याख्या देणारा जेरुसलेम जाहीरनामा काढला. विद्यार्थ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ओळ न्‌ ओळ ताडून पाहाव्यात असं मी म्हणेन. व्याख्येवर भांडण आहे म्हणून विषयच खोटा, असं मानणं आळशीपणाचं आहे.

आपल्याकडे कोकणातले बेने इस्राएल ज्यू, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, शतकानुशतकं नांदले. त्यांच्याविरुद्ध युरोपसारखी मोहीम इथे झाली नाही. त्यामुळे की काय, आपल्याला या द्वेषाची ओळखही कमी आहे. हिटलरचं आत्मचरित्र मराठीत सहज मिळतं आणि ते जिद्दीचं पुस्तक म्हणून वाचणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या हाती दुसरं काही पडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बर्लिनच्या त्याच तांत्रिक विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञ मोनिका श्वार्त्स-फ्रिजेल यांनी इतिहासकार येहुदा राइनहार्त्स यांच्यासह जर्मनीतल्या ज्यू मध्यवर्ती परिषदेला आणि बर्लिनच्या इस्राएली वकिलातीला आलेली चौदा हजारांवर पत्रं आणि ई-मेल तपासले. पुस्तक २०१३ मध्ये आलं. लिहिणारे फक्त कडवे उजवे निघाले नाहीत. त्यांत उच्चशिक्षित, स्वतःला उदारमतवादी म्हणवणारे लोक पुष्कळ होते. अनेकांनी खाली आपलं खरं नाव घातलं होतं, काहींनी पत्ताही.