ध्यान आणि मेंदू: ‘आठ आठवड्यां’च्या दाव्यामागचा इतिहास

ध्यानाचे वर्ग आता हिंजवडीतल्या कंपन्यांच्या कॉन्फरन्स रूमपर्यंत पोचले आहेत. तिथे रंगीत मेंदूचे चित्र दाखवून सांगितले जाते की, आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते. हा दावा अमेरिकेतला असला, तरी ध्यान-योगाला यंत्रे लावण्याची सुरुवात पुण्यापासून फार लांब झालेली नाही.

स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना पोटातला दाब किती बदलतो हे ते मोजत, क्ष-किरण चित्रे काढत आणि सगळे ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापत. प्राणायामाने शरीराला जास्त प्राणवायू मिळतो, ही समजूतही त्यांनी मोजमाप करून नाकारली. (सारसबागेत सकाळी ती अजूनही ऐकायला मिळते!) आपल्याच श्रद्धेची अशी झडती घेणारा माणूस पुढच्या शंभर वर्षांत या क्षेत्राला अधूनमधूनच लाभला.

मेंदूपर्यंत पोचायला मात्र वेळ लागला. परदेशी संशोधकांना आधी भुरळ पडली ती हृदय थांबवणाऱ्या योग्यांची. फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस १९३५ मध्ये ईसीजी यंत्र घेऊन भारतात आल्या आणि हृदय जवळजवळ थांबवता येते, असे त्यांना वाटले. वेंगर, बागची आणि आनंद यांनी १९६१ मध्ये त्याचा उलगडा केला. श्वास रोखून छातीचे व पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, नाडी हाताला लागत नाही. पण ईसीजीवर ठोके चालूच दिसतात.

त्याच वर्षी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये आनंद, छिना आणि सिंग यांनी योग्यांचे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचे आलेख, काढले. समाधीत असताना झगझगीत प्रकाश पाडला, मोठा आवाज केला, तरी त्यांच्या अल्फा लहरी (निवांत, जाग्या मेंदूच्या लहरी) मोडल्या नाहीत. दोन योग्यांनी तर ४ अंशांच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात ठेवला. जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई यांना १९६६ मध्ये झेन साधकांत उलटेच दिसले: त्यांचा मेंदू प्रत्येक ‘टक’ आवाजाची दखल घेत राहिला, आवाजाला सरावलाच नाही. एक परंपरा बाहेरचे जग बंद करते, दुसरी ते उघडे ठेवते. तेव्हा ‘ध्यान’ ही एकच गोष्ट धरून केलेली सगळी विधाने जरा जपूनच घ्यावीत.

आठ आठवडे आले ते जॉन कबाट-झिन यांच्याकडून. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी त्यांनी विपश्यना, झेन आणि हठयोगातून धार्मिक भाग वगळून आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. मोजायला सोपा, म्हणून प्रयोगशाळांनाही तो आवडला.

पुढे एमआरआय आले. २००५ मध्ये अमेरिकी मेंदू-संशोधक सारा लाझार यांना २० साधकांच्या मेंदूच्या बाह्यपटलाचे काही भाग इतरांपेक्षा जाड आढळले. पण तसा मेंदू असलेलीच माणसे ध्यानाकडे वळतात की काय, हा प्रश्न उरतोच. २०११ च्या अभ्यासात अभ्यासक्रमाआधी आणि नंतर चित्रे घेतली गेली, मात्र ध्यान करणारे होते अवघे १६. वर्गातल्या चित्राचा आधार मुख्यतः हाच.

विस्कॉन्सिनच्या मॅडिसनमध्ये रिचर्ड डेव्हिडसन यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये तिबेटी परंपरेतल्या आठ मुरलेल्या साधकांच्या गॅमा लहरी (मेंदूतल्या अतिवेगवान लहरी) नोंदवून मोठी खळबळ उडवली होती. त्याच प्रयोगशाळेने २०२२ मध्ये दोनशेहून अधिक जणांवर तो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तपासला. मेंदूच्या रचनेत बदल दिसला नाही.

त्यामुळे फायदा खोटा ठरत नाही. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा आढावा घेतला गेला, त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना थोड्याफार कमी होतात असे आढळले. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही.