स्किन पॅथॉलॉजीची फेलोशिप : दोन गैरसमज

कोल्हापुरात पीजी करणाऱ्या पोरापोरींत वर्षानुवर्षं एकच फिरतंय, की डर्मॅटोपॅथॉलॉजी (कातडीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून आजार ओळखायचं शास्त्र) फक्त एमडी स्किनवाल्यांची आणि अमेरिकेत वर्षाची फेलोशिप, म्हणजे पीजीनंतरचं खास ट्रेनिंग, मारली की तिथंच प्रॅक्टिस सुरू. दोन्ही चूक. पॅथॉलॉजीवालेही तितक्याच हक्कानं जातात, तिथलं सर्टिफिकेट १९७४ पासून दोन्ही विषयांची बोर्डं मिळूनच देतात. पण तिथली रेसिडेन्सी, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलातलं पीजी ट्रेनिंग, नसेल तर बाहेरच्या डॉक्टरला बहुतेक ठिकाणी नुसतं शिकायला मिळतं, म्हणजे गुलाबी-जांभळ्या स्लाइड बघायच्या, चर्चा करायची, रिपोर्टवर सही नाही. तरी जावाच, कारण कातडीच्या चार मिलिमीटरच्या तुकड्यात कुष्ठरोगात सुजेच्या पेशी नर्व्हभोवती कशा जमतात हे ओळखणारी नजर आपल्याकडं लई लागते. आणि जर्मनीत फ्रँकफर्टला होत आलेली याच विषयाची आंतरराष्ट्रीय परीक्षा आपल्या एमडीवाल्यांनाही देता येते, हे कुणी सांगतच नाही.